शटर अडकलंय, अंतरपाट धरून ठेवा!

मला एक सांगा, भरवसा ठेवायचा तरी कुणावर? कॅमेऱ्यावर, कॅमेरा विकणाऱ्यावर, की कॅमेरा खोलून बसणाऱ्यावर? घाई करू नका. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानाच्या बाकड्यावर या एका प्रश्नापायी कित्येक कप चहा संपलेत, आणि अजून कुणाचं उत्तर कुणाला पटलेलं नाही!

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. ते धुळीसारखे आपोआप साचतात. सकाळी काउंटर लख्ख पुसा, संध्याकाळी बोट फिरवा, एखादा किस्सा चिकटलेला असतोच. आणि कॅमेऱ्याच्या दुकानात ही धूळ सगळ्यात जास्त कुठं साचत असेल, तर ती शटरमध्ये.

शटर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात काळ्या, पातळ पात्यांचा एक पडदा असतो. बटण दाबलं की तो पापणी लवावी तसा उघडतो आणि मिटतो. 'खट्' आवाज येतो, फोटो होतो. ही पापणी अडकली की कॅमेरा आंधळा! स्क्रीनवर 'एरर' येतं आणि माणूस माझ्या दुकानात येतो.

दुकानात बोलायचं काम माझं, खोलायचं काम रफिकमामूचं. मामू म्हणजे घड्याळं, रेडिओ, रोलचे कॅमेरे, सगळं खोलून बसलेला माणूस. हात सोन्याचे, पण जीभ हातापेक्षा लांब. कॅमेरा सुरू झाला तर म्हणणार, "मैं पहलेच बोला था!" आणि कायमचा गेला तरी म्हणणार, "मैं पहलेच बोला था!" अशा माणसाला चुकीचं कसं ठरवायचं, तुम्हीच सांगा!

*

आता सुदाम. वैजापूरच्या पुढं एका वाडीतला. घर मेंढपाळांचं. सुदामला मात्र फोटोचा नाद. जत्रा, बारसं, शाळेचं गॅदरिंग, काहीही असो, हा पुढं. त्याला सेकंडहँड डिजिटल कॅमेरा हवा होता. माझ्याकडं एक चांगला होता. सौदा जमला, पण सुदाम म्हणाला, "शेठ, दादाला दाखवल्याबिगर नाय नेता यायचं."

दादा म्हणजे थोरला भाऊ, सखाराम. मोठा फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. दादानं कॅमेऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं.

"हेच्या भरवशावर मेंढरं सोडून चाललाय व्हय रं?"

सुदाम कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"मग ऐक. रूपीचं लगीन उन्हाळ्यात हाय. फोटो तूच काढायचे, आन् ह्याच कॅमेऱ्यानं. पोरीच्या गळ्यात माळ पडतानाचा फोटो आला, तर तू फोटोवाला. नाय आला, तर दुसऱ्या दिसापास्नं मेंढरांमागं. हाय कबूल?"

रूपी म्हणजे रूपाली, दादाची एकुलती एक लेक. सुदामनं मान हलवली. आता गिऱ्हाईक घाबरलेलं असताना गप्प बसेल तो व्यापारी कसला! मी म्हणालो, "दादा, कशाला काळजी करता? कॅमेरा नाही हा, हत्ती आहे हत्ती!"

दादा शांतपणे म्हणाला, "हत्ती बसला की उठवायला अख्खं गाव लागतंय, शेठ."

*

हत्ती पहिल्यांदा बसला तो महिनाभरातच!

वाडीत एका घरी खंडोबाचं जागरण होतं. सुदाम अगदी पुढं बसून फोटो काढत होता. येळकोट झाला, मुठीमुठीनं भंडारा उधळला, आणि सुदामच्या कॅमेऱ्यानं शेवटचा 'खट्' करून डोळा मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो दुकानात हजर. कपाळ पिवळं, कान पिवळे, कॅमेरा पिवळा.

मामूनं कॅमेरा खोलला. आत बघतो तर पात्यांवर हळदीचा थर! मामूनं हवा मारायचा रबरी फुगा उचलला आणि तेवढ्यात सुदामनं त्याचं मनगट धरलं.

"मामू, फुंकू नगा! भंडारा हाय. जिमिनीवर सांडला तर पायाखाली यील."

मामूनं मान डोलावली. मग फुगा खाली ठेवला, कोरा कागद काढला, टेबलावर अंथरला, आणि उंटाच्या केसांच्या ब्रशनं एकेका पात्यावरचा भंडारा हलक्या हातानं कागदावर उतरवला. कागदाची पुडी बांधून सुदामच्या हातात दिली. सुदामनं ती कपाळाला लावून खिशात ठेवली. पण गप्प राहील तो मामू कसला!

"सुदाम, तेरे भगवान को बोल, आशीर्वाद देना है तो बाहर से दो. अंदर कायकु घुसते?"

सुदाम म्हणाला, "मामू, आमचा देव घोड्यावर बसून येतो. दारावर टकटक करील व्हय त्यो?"

मामू इतका हसला की चष्मा पडला! पण तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली. कॅमेऱ्यातून निघालेल्या भंडाऱ्याची पुडी, गुलालाची पुडी आणि अक्षतेचा दाणा, सगळं गिऱ्हाइकाला परत. तुम्ही देशभर हिंडा, असं सर्व्हिस सेंटर मिळालं तर मला कळवा!

*

पैठणच्या एक रिटायर्ड बाई होत्या. गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर पक्ष्यांचे फोटो काढायचा छंद लागला. जायकवाडीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात ना, त्यांच्यासाठी बाई पहाटे उठून काठावर जाऊन बसायच्या. सोबत सर, म्हणजे बाईंचे यजमान. सरांकडं थर्मास आणि घडीची खुर्ची.

एक दिवस दोघं दुकानात आले. बाई संतापलेल्या. "शटर अडकलंय! बटण दाबते, काही होत नाही. दाबते, काही होत नाही. कंटाळून कॅमेरा मांडीवर ठेवला की मग मेलं वाजतं, खट्!"

मी मामूकडं पाहिलं, मामूनं माझ्याकडं पाहिलं. कॅमेरा हातात घेतला. शटर ठणठणीत! सेल्फ-टायमर चालू राहिलेला. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघणार. एरवी त्याचा 'टीं टीं' आवाज येतो आणि माणसाला कळतं, पण पक्षी बिचकतात म्हणून बाईंनी आवाजच बंद करून ठेवला होता!

सुदाम त्या दिवशी कॅमेरा दाखवायला आलेला, बाकड्यावरच होता. त्याला मोठा धीर आला. जगात कॅमेऱ्यानं छळलेले आपण एकटेच नाही म्हणून. उत्साहानं म्हणाला, "बाई, पण फोटो तर निघालेच असतील की! बगू तरी."

स्क्रीनवर फोटो सुरू झाले. बाईंचा गुडघा. बाईंची चप्पल. परत गुडघा. अर्धा थर्मास. गुडघा. बाईंचा चेहरा लाल होत गेला. दुकानात कुणी हसावं की नाही, हेच कुणाला कळेना.

सरांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक पाय वर आहे, एक खाली आहे. मी म्हणतो, फ्लेमिंगो म्हणून खपून जाईल."

*

पण सगळ्यांवर कडी केली ती आमच्याच इमारतीतल्या डॉक्टरांनी. डॉक्टर दातांचे. हात हलका, स्वभाव गोड, फक्त एकच खोड, कुठलीही वस्तू समोर आली की तिचं तोंड उघडायला सांगायचं!

त्यांच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. दुकान खाली, दवाखाना वर, एक जिना उतरायचा होता फक्त! पण डॉक्टरांना वाटलं, एवढ्याशा कामासाठी मामूला कशाला त्रास? लेन्स काढली, कॅमेरा पेशंटच्या खुर्चीवर ठेवला, वरचा दिवा लावला, बारका आरसा आणि चिमटा घेतला. त्यांची असिस्टंट नंतर शपथेवर सांगत होती की डॉक्टर सवयीनं कॅमेऱ्याला म्हणालेसुद्धा, "अजिबात दुखणार नाही."

अर्ध्या तासानं डॉक्टर खाली आले. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात कापसावर ठेवलेलं शटरचं एक काळं पातं.

"मामू, एक हलत होतं, ते काढून टाकलं. बाकीची सगळी मजबूत आहेत!"

मी काउंटरच्या खाली वाकलो. काहीतरी शोधायचं नाटक केलं, कारण तोंडावर हसणं बरं नव्हे. मामू मात्र अतिशय गंभीर. पातं उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "काम एक नंबर किये, डॉक्टरसाब. अब कवळी कब बिठाते?"

*

या सगळ्या हसण्यात सुदामचं हसू मात्र दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. भंडाऱ्यापासून त्याचं शटर अधूनमधून अडकायला लागलं होतं. दहा फोटो छान, अकराव्याला संप. मामूनं सांगून टाकलं, "पत्ते घिस गये. नया शटर लगेगा." नवं शटर मागवलं. ते दिल्लीहून यायचं होतं. आज येतंय, उद्या येतंय. इकडं उन्हाळा लागला, रूपीची हळकुंडं फुटली, तरी पार्सलचा पत्ता नाही!

त्यातच वाडीजवळच्या एका गावात सभामंडपाचं उद्घाटन होतं. तिथले पुढारी आले, कात्री उचलली, फीत कापली, टाळ्या झाल्या. आणि सुदामचं शटर अडकलं!

"साहेब, फोटो नाय आला."

साहेब दिलदार. म्हणाले, "बांधा परत." फितीला गाठ मारली, परत कापली, परत टाळ्या. परत 'एरर'! तिसऱ्यांदा बांधली तेव्हा फीत इतकी आखूड झाली होती की दोन खांबांना पुरेना. मग दोन्हीकडं दोन कार्यकर्ते हात लांब करून, टोकं धरून उभे राहिले. साहेबांनी कापली, टाळ्या झाल्या, आणि 'खट्' वाजलं एकदाचं!

सुदाम घामाघूम. त्याला वाटलं, आता आपलं नाव तालुकाभर खराब झालं. पण चार दिवसांनी साहेबांच्या माणसाचा फोन: "रविवारी पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आहे. साहेब म्हणाले, तोच फोटोवाला बोलवा, आणि कॅमेरा तोच आणायला सांगा. एका फितीत तीनदा टाळ्या झाल्या!"

सगळं बाकडं लोटपोट झालं. सुदाम तेवढा हसला नाही. म्हणाला, "शेठ, फीत परत बांधता येती. माळ परत घालता येती का?"

मी म्हणालो, "अरे, मी दुकानातला दुसरा कॅमेरा देतो लग्नापुरता. दिसायला अगदी सारखा. दादाला काय कळतंय?"

सुदाम म्हणाला, "दादाला नाय कळायचं. पण मला कळंल की. भावाला फसवून फोटोवाला व्हायचं असतं, तर मेंढरं काय वाईट होती?"

काढायला घेतलेला कॅमेरा मी परत कपाटात ढकलला, दुसरं काय!

*

आणि आता लग्न!

वाडीवर मांडव. मी हजर, अगदी पुढच्या रांगेत. मामू नव्हता, कारण नेमका त्याच दुपारी शहरात त्याच्या भाच्याचा वलीमा, म्हणजे लग्नाची मेजवानी. पण जाताना मला म्हणाला होता, "कुछ हुआ तो फोन करो. मैं यहाँ से चला लूंगा." जसं काही कॅमेरा नाही, विमान चालवायचंय!

सुदामनं सकाळपासून कॅमेऱ्याला जपून वापरलं. हळदीचे मोजके फोटो, पाहुण्यांचे मोजके फोटो. कुणी म्हटलं "आमचा एक काढ रं", तर हा नुसताच बोटानं खोटं बटण दाबायचा आणि तोंडानं 'खट्' म्हणायचा! सगळा जीव त्या एका फोटोसाठी राखून ठेवलेला.

मंगलाष्टकं सुरू झाली. मधे अंतरपाट. अलीकडं रूपाली, पलीकडं नवरदेव, दोघांच्या हातात हार. मांडवात सगळ्यांच्या मुठीत अक्षता. सुदाम पाटावर उभा, कॅमेरा डोळ्याला. सहावं मंगलाष्टक झालं आणि त्यानं सहज एक ट्रायल फोटो घेतला.

'एरर'!

त्याचा चेहरा बघून मला कळलं. मी धावलो. त्यानं बॅटरी काढली, घातली. एरर. सातवं मंगलाष्टक सुरू झालं. मी मामूला फोन लावला. पलीकडं भांड्यांचा दणदणाट.

"मामू! अटक गया!"

"कौन?"

"शटर! आणि इकडं अंतरपाट निघायला आलाय!"

"हौ हौ, घबराओ नक्को! लेन्स निकालो. अरे, इधर बोटी दे रे! आपकु नहीं बोलरा, शेठ. लेन्स निकाली?" सुदामनं लेन्स काढून खिशात घातली.

आठवं मंगलाष्टक संपत आलं. आता गुरुजी 'शुभमंगल' म्हणणार, तेवढ्यात सुदाम जिवाच्या आकांतानं ओरडला, "गुरुजी, थांबा! शटर अडकलंय, अंतरपाट धरून ठेवा!"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त टळायला अजून थोडा अवकाश आहे. पण माझी आठ संपली. पुढचं तुमचं तुम्ही बघा!"

आणि मंडळी, काय सांगू! रूपालीची आत्या उठली, माईक घेतला आणि नववं मंगलाष्टक सुरू केलं! स्वतः रचलेलं, सगळ्या मामा-मावश्यांची नावं घातलेलं. ते संपलं तर नवरदेवाकडची मावशी इरेला पेटली. दहावं! मग आत्या परत. तिच्याकडचे नातेवाईक संपले तेव्हा तिनं शेजारच्या गावातली नावं घेतली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले. मुठीतल्या अक्षता घामानं भिजून त्यांचा भात व्हायची वेळ आली. अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, "हार खाली ठेवू का?"

अलीकडून रूपाली म्हणाली, "ठेवून तर बघा!"

इकडं मामू फोनवर, "नीचे से हल्की चपत मारो." मारली. "अब दूसरी बाजू से." मारली. "अब अल्ला का नाम लो." तेही घेतलं! काही नाही. मोबाइलमध्ये तेव्हा कॅमेरे नुकते आले होते. माझ्याही मोबाइलमध्ये होता, पण त्यात नवरा कोण आणि नवरी कोण, ते सांगावं लागायचं. सुदामच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याला समोर लग्न दिसत नव्हतं, मेंढरं दिसत होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. दादा! मुलीचा बाप, नवा फेटा, खांद्यावर शेला. मला वाटलं, आता हा भावाच्या कानाखाली देतो.

"दे इकडं," दादा म्हणाला.

सुदामनं कॅमेरा दिला. दादानं तो कानाला लावला. बटण दाबलं, काहीतरी ऐकलं. म्हणाला, "जीव हाय ह्यात. अडलाय नुसता."

मग दादानं डोक्याचा फेटा काढून माझ्या हातात दिला. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळला, कॅमेरा उलटा लोंबकळत धरला, पाय रोवले आणि गरकन एक झोका दिला! पुढची माणसं भेलकांडून मागं सरली. दुसरा झोका! मी डोळेच मिटले. मग त्यानं कॅमेरा पालथा तळहातावर घेतला, पाठीवर चार बोटांनी चोळलं, आणि तोंड जवळ नेऊन आत एक फुंकर घातली, अगदी हलकी.

"दादा, हे काय करताय?" मी ओरडलो.

"कोकरू जलमल्यावर श्वास घेईना, तर काय करत्यात?" दादा म्हणाला आणि बटण दाबलं.

खट्!

सुदामनं कॅमेरा झडप घालून घेतला, लेन्स चढवली, तसा दादा गरजला, "गुरुजी, व्हा पुढं!"

"शुभमंगल सावधान!" गुरुजींनी असा आवाज लावला की वैजापुरापर्यंत जावा. अंतरपाट खाली, अक्षता वर, वाजंत्री सुरू, रूपालीच्या हातून हार सुटला, नवरदेवाच्या गळ्यात पडला, नवरदेवाचा रूपालीच्या गळ्यात, आणि सुदामचं खट्! खट्! खट्! खट्! एकही चुकलं नाही! फोटोत अक्षतेचा दाणा न् दाणा हवेत लटकलेला, आणि दोन माळांच्या मधे रूपाली हसतेय.

मी फोन कानाला लावलेलाच होता. मामूनं तो आवाज ऐकला असणार. तिकडून बिर्याणीच्या घासातून ओरडला, "चल गया ना? देखा! मेरी चपत से चला!"

दादानं स्क्रीनवरचा फोटो पाहिला. शेल्यानं डोळे पुसले. मग कॅमेरा भावाच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "जा फोटोवाल्या, पंगतीचे काढ."

सुदाम पळाला. दादानं माझ्या हातातून फेटा घेतला, नीट बांधला, माझ्या हातातल्या फोनकडं एकदा पाहिलं. मामू अजून बोलतच होता.

"शेठ," दादा म्हणाला, "तुमच्या दुकानातले किती कॅमेरे कुणी उठवले, ह्येचा तुमी हिशेब ठेवत असाल. एवढा एक इमानदारीनं ठेवा. मामूच्या नावावर घालू नगा."